ठकूबाईची कंबर

गल्लीच्या दोन्ही तोंडांना तयार कपड्यांची दुकानं उघडली आणि टेलरकाकू मधल्या मधे अडकित्त्यातल्या सुपारीसारख्या सापडल्या. पस्तीस वर्षं ज्या बायकांनी त्यांच्यापुढे हात वर करून मापं दिली, त्याच बायका आता हातात पिशव्या घेऊन खिडकीखालून जात, आणि वर बघावं लागू नये म्हणून नेमक्या तिथेच चपलेचा पट्टा नीट करत. काकूंकडे उरले ते चेन बदलून घेणारे आणि पँट आखूड करून घेणारे. आयुष्यभर पंक्ती उठवलेल्या माणसाकडे म्हातारपणी कुणी नुसतं पाणी मागावं, तसलं ते काम.

मग एकदा गुडघेदुखीचा व्हिडिओ बघता बघता काकूंना एक गुरुबाई सापडल्या. पांढरे कपडे, मागे कागदाचं फूल, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्याचं समाधान वाटावं. त्या दूरस्थ ऊर्जा उपचार शिकवत. ताण, धास्ती, छातीतली धडधड, जिवाची उलघाल, काहीही असो. माणूस सात समुद्रांपलीकडे बसलेला असला तरी इथून त्याच्याकडे शांती पाठवता येते म्हणे. बारा पाठ, शेवटी प्रमाणपत्र. काकूंनी प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवलं आणि ते शिवणयंत्राच्या वर टांगलं.

"टपालाने पाठवणार की वायरीतून?" काकांनी विचारलं.

काका म्हणजे मीटरकाका. पाणीखात्यात बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरचे मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर माणसाची नोकरी सुटते, खोड सुटत नाही. रोज सकाळी चहा झाला की काका घरातले सगळे आकडे एका वहीत उतरवत. पाण्याचा मीटर, विजेचा मीटर, भिंतीवरचं तापमान, आणि वजनकाट्यावर कुणीही उभं नसताना दिसणारा शून्यसुद्धा. "शून्य हाही आकडाच आहे," असं ते म्हणत, आणि या विषयावर त्यांच्याशी वाद घालायला घरात कुणाला वेळ नव्हता.

"हवेतून जाते," काकू म्हणाल्या.

"म्हणजे मीटर बसवता येणार नाही. आमच्या खात्याने तर अर्जच फेटाळला असता."

पाचव्या पाठापर्यंत सगळं सुरळीत चाललं. पाचव्यात गुरुबाईंनी सांगितलं, रोगी समोर नसतो, म्हणून त्याच्या जागी एक उशी मांडीवर घ्या, हाच तो माणूस असं मनाशी म्हणा, आणि उशीवर हात ठेवा. काकूंनी कपाटातून एक लहानशी उशी काढली. लेकीच्या पाळण्यातली ती उशी, कापूस गोळा झालेला, तरी टाकवली नव्हती. दहा मिनिटं मांडीवर घेऊन त्या बसल्या आणि उठल्या.

"उशीला खांदे नसतात हो. हात ठेवू कुठे?"

उशी खिडकीतल्या खुर्चीवर गेली, आणि कोपऱ्यातली ठकूबाई पुढे आली.

ठकूबाई म्हणजे काकूंचा शिवणाचा पुतळा. डोकं नाही, हात नाहीत, खाली लोखंडी पाय, वर करड्या कापडाचं अंग. अंगाच्या चार फाका. गळ्याशी, छातीशी आणि कमरेशी एकेक फिरकी. ती फिरवली की फाका एकमेकींपासून सरकत आणि ठकूबाई गिऱ्हाइकाच्या मापाची होई. प्रत्येक फिरकीशेजारी इंचांच्या आकड्यांची चकती. या तीन चकत्यांमुळे ठकूबाई काकांच्या वहीतही होती, विजेच्या मीटरखाली, तापमानाच्या वर.

आता दुसरे उपचारवाले फोटो मागतात, जन्मवेळ मागतात. टेलरकाकू मापं मागत. त्यांना त्यात काही वावगं वाटेना. ज्याचं माप माहीत नाही त्याच्यासाठी सुईत दोरा तरी कसा ओवणार?

"कंबर कशाला हवी?" एकाने फोनवर विचारलं. "मला झोप येत नाही, एवढंच आहे."

"झोप अंगातच येते ना? का बाहेर कुठे येते?"

त्याने मुकाट्याने कंबर सांगितली.

गळा, छाती, कंबर लावायची. नावाची चिठ्ठी ठकूबाईच्या गळ्याशी टाचायची. वीस मिनिटं खांद्यांवर हात ठेवायचे. मग चिठ्ठी काढायची, की संबंध संपला. एक गोष्ट मात्र काकूंनी स्वतःच्या पदरची घातली. पस्तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या छातीला अर्धा इंच सैल धरल्याशिवाय कापड कापलं नव्हतं. दम घ्यायला जागा लागते. म्हणून छातीची फिरकी त्या मापापेक्षा अर्धा इंच पुढे नेत. आणि सगळ्यांना बजावत, "डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. औषध म्हणजे कापड. मी नुसतं अस्तर."

पहिली आली ती विमा कचेरीतली बाई. मेलेल्या माणसांचे अर्ज हिच्या खिडकीवर येत, आणि दुपारी बारा वाजले की हिची छाती आवळून येई. छाती अडतीस. काकूंनी साडेअडतीस लावली, हात ठेवले. फोन वाजला.

"काकू, आत्ता काय केलंत?"

"का हो?"

"कुणीतरी मागून हूक काढल्यासारखं झालं. मी खरंच वळून बघितलं. मागे भिंत आहे."

काकूंनी फोन ठेवला आणि ठकूबाईकडे बघितलं. ठकूबाईला डोकं नसल्यामुळे तिच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मग एक बसचालक आला, त्याचा गळा दाटून येई. गळ्याला पाव इंच दिला. त्याने कळवलं की गाडी थांब्यावर उभी असताना मानेमागून दोन बोटं गेली. थंड होती, कात्रीसारखी. बरं मात्र वाटलं. मग त्याची मेव्हणी, मग मेव्हणीची शेजारीण. महिन्याभरात काकूंना सकाळी अकराची वेळ रोजची झाली. यश मिळालं की माणूस कारण विचारत नाही. काकूंनीही विचारलं नाही.

काका तेवढं वहीत बघून म्हणाले, "तुझी ठकू पूर्वी आठवड्यातून दोनदा फिरायची. आता रोज फिरते."

* * *

लेकीचं नाव घरात घेत नसत. घ्यायची बंदी होती असं नाही; पायात रुतलेला काटा जसा आपण पाय टेकवताना सांभाळतो, तसं बोलणं त्या बाजूने नेत नसत, इतकंच. लहानपणी तिला टाचणी म्हणत. तशीच होती. काडीसारखी, डोकं तेवढं मोठं. पंचविसाव्या वर्षी ती भरायला लागली, चारचौघींसारखी, आणि काकूंचं बिनसलं. गिऱ्हाइकाच्या शिवणीत दोन बोटं माया सोडणाऱ्या काकू लेकीचे कपडे मात्र नेमक्या मापाला कापत. मापही जुनंच. "अंग आटोक्यात राहतं," म्हणत. "कपडा सैल मिळाला की माणूस सैल होतो."

नव्या नोकरीसाठी कोट शिवला तो असाच. टाचणीने बटण लावायचा प्रयत्न केला. मग कोट काढून शिवणयंत्रावर ठेवला.

"आई, तू मला कपडे शिवत नाहीस. मला कपड्यात शिवतेस."

"महिनाभर कमी खा. आपोआप बसेल."

त्यावर ती काही बोलली नाही. अडीच वर्षं झाली, अजून बोललेली नव्हती. दूरच्या शहरात गेली, तिथे लग्न केलं. फोन करायची तो बापाला, रविवारी. काका तो जिन्यात जाऊन घेत. काकू त्या वेळी न चुकता न्हाणीघरात जात, कारण न्हाणीघराचा झरोका जिन्यात उघडतो. काकांना हे ठाऊक होतं, म्हणून ते जरा मोठ्याने बोलत. संसार चालतो तो असल्या सोयींवर.

त्या रविवारी फोनवर लेक नव्हती, जावई होता.

"घाबरं होतं म्हणजे? किती वेळा? ... कामावर? ... श्वास पुरत नाही? ... गोळ्या का देत नाहीत डॉक्टर? ... बरं, बरं, तुम्ही म्हणता तर असेल कारण. नाही विचारत."

काका आत आले. काकू कोरड्या अंगाने न्हाणीघरातून बाहेर आल्या.

"झाली आंघोळ?" काका म्हणाले.

"किती दिवस होतंय असं तिला?"

"दोन महिने. डॉक्टरकडे जातेय. श्वासाचे व्यायाम दिलेत, कुणाशी तरी बोलायला पाठवतात. जरा फरक आहे म्हणे." काकांनी चष्मा पुसला. "तुला सांगायचं नाही, असं सांगितलंय."

"सांगितलंत कुठे तुम्ही? मी ऐकलं."

गुरुबाईंचा एक नियम होता, बाराही पाठांत सांगितलेला. मागितल्याशिवाय पाठवायचं नाही. समोरच्याने हो म्हटलं पाहिजे. नाहीतर ते न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरण्यासारखं आहे. काकूंनी नियम आठवला, आणि मग त्यांना वाटलं की हा नियम परक्यांसाठी असणार. आई दार वाजवते का?

सोमवारी त्यांनी बाकीच्यांना पंधरा दिवस थांबायला सांगितलं आणि मापांची जुनी वही काढली. टाचणीचं पान सगळ्यात मळलेलं. गळा तेरा. छाती बत्तीस. कंबर पंचवीस. त्या आकड्यांखाली दुहेरी रेघ होती, परीक्षेत प्रश्न सुटल्यावर मारतात तशी.

काकूंनी तीनही चकत्या लावल्या, अगदी रेघेवर. अर्धा इंच सोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. घरच्या पोरीला कसली सूट? चिठ्ठीवर लिहिलं, टाचणी. गळ्याशी टाचली, खांद्यांवर हात ठेवले. अकरा ते साडेअकरा. चिठ्ठी काढली नाही. आपलीच आहे, राहू दे लागलेली.

मंगळवारी सकाळी काकांनी चहा संपवला आणि वाचन सुरू केलं.

"वीज, चार हजार दोनशे सात. ठकू... गळा तेरा. छाती छत्तीस. कंबर तेहेतीस."

"पंचवीस," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तेहेतीस."

"अहो, मी काल पंचवीस लावली आहे."

"मी लावत नाही, वाचतो. तेहेतीस."

काकू हात पुसत आल्या. फाका उघडल्या होत्या. आतला लोखंडी कणा दिसत होता. स्प्रिंग सैल झाली असणार, काकू म्हणाल्या, आणि फिरकी पंचवीसवर आणली. जड गेली. अकरा वाजता पुन्हा हात ठेवले.

बुधवारी तेहेतीस. गुरुवारी सव्वातेहेतीस. काकू रोज मिटवत आणि ठकूबाई रोज सकाळपर्यंत उघडे. फिरकीला तेल घातलं. पाचर मारून बघितली. पाचर सकाळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला मिळाली. गळा मात्र तेराचा तेरा. गळ्याची फिरकी जागची हलली नाही.

"भूत असतं तर गळा धरला असता," काका म्हणाले. "हे कमरेला धरून बसलंय."

"थट्टा पुरे. स्प्रिंग आहे."

रविवारी न्हाणीघरातून ऐकू आलं ते चांगलं नव्हतं. "जास्त झालंय? कधीपासून? ... सोमवारपासून? ... वेळ ठरलेली आहे? ... अकरा."

काका आत आले आणि काकूंकडे न बघता वही उघडून बसले. काकूंनी गुरुबाईंना फोन लावला. गुरुबाईंचा आवाज मधात बुडवलेला. "तळ्यातला गाळ ढवळला की पाणी आधी गढूळ होतं. त्रास वाढतोय म्हणजे उपचार लागू पडतोय. सोडू नका. वेळ वाढवा."

असला सल्ला चुकीचा ठरूच शकत नाही. रोगी बरा झाला तर उपचाराने, वाईट झाला तर उपचार लागू पडतोय. काकूंनी वेळ वाढवली. सकाळी अकरा आणि दुपारी चार. दुसऱ्या रविवारी झरोक्यातून आलं ते आणखी वाईट. त्या दिवशी काकूंनी ठरवलं की ही स्प्रिंगच दगा देतेय, उपचार अर्धवट राहतोय, पोर त्यामुळे सुटत नाहीये. त्यांनी कपाटातून कमरपट्ट्याची जाड नाडी काढली, ठकूबाईच्या कमरेला दोन वेढे दिले, गुडघा लावून ओढली आणि शिंप्याची गाठ मारली, जी सुटत नाही, कापावी लागते. कंबर पंचवीस. छातीलाही तसाच एक वेढा.

"आता बघू कशी उघडते," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी काकांनी वाचलं, "कंबर पंचवीस," आणि पेन ठेवलं नाही. बराच वेळ ते वाकून उभे होते.

"काय झालं?"

"नाडी गरम आहे."

* * *

मंगळवारी काकांनी चहा घेतला नाही. पावणेअकराला काकू ठकूबाईसमोर खुर्ची ओढत होत्या, तेव्हा ते वही घेऊन आले.

"बस जरा. एक दाखवायचंय."

"आता वेळ झाली."

"वेळेचंच दाखवायचंय." त्यांनी पान समोर धरलं. "हे बघ. रोज सकाळचे आकडे, तू मिटवायच्या आधीचे. तेहेतीस, तेहेतीस, सव्वा, सव्वा, साडेतेहेतीस, पावणेचौतीस. परवा चौतीस. स्प्रिंग सैल होते तेव्हा आकडा कुठेही पळतो, आज इकडे, उद्या तिकडे. हा पळत नाही. चढतो. बेतानं."

"मग?"

"माझ्या हद्दीत एक घर होतं. कुलूप लावलेलं, खिडक्यांवर फळ्या. रिकामं, असं कागदोपत्री. मीटर मात्र दर महिन्याला थोडा पुढे. साहेब म्हणाले, गळती असेल. मी म्हटलं, साहेब, गळती दिवसरात्र सारखी असते. हा सकाळी चालतो, दुपारी थांबतो, संध्याकाळी चालतो." काकांनी वही मिटली. "बंद घराचा मीटर चढतोय म्हणजे आत कुणीतरी राहतंय."

काकू ठकूबाईकडे बघत राहिल्या. गळा तेरा. टाचणीचाच गळा, लहानपणी गुंडी लावताना बोट जात नसे तो. गळा तिचा, छाती भरलेली, कंबर आठवड्याला अर्धा इंच, न चुकता. असं अंग काकूंनी आयुष्यात निदान दोनशे वेळा मापलं होतं. बायका लाजत सांगायच्या, काकू, शिवण उसवता येईल अशी ठेवा हं, आणि काकू न सांगताच ओळखायच्या कितवा आहे ते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिला चौथा संपून पाचवा लागलाय."

आणि मग त्यांची नजर नाडीवर गेली. दोन दिवस. परवापासून ही आवळलेली होती.

फोन वाजला. रविवार नव्हता. काका या वेळी जिन्यात गेले नाहीत. स्पीकरला बोट लागलं तसा फोन मोठ्याने बोलायला लागला.

"बाबा, दवाखान्यात आणलंय हिला." जावयाचा आवाज पळत होता. "नाडी बघितली, रक्तदाब बघितला, डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे, पण हिला श्वास ओढता येत नाही. कमरेचा पट्टा सोडा म्हणते. बाबा, पट्टा नाहीये. हॉस्पिटलचा सैल झगा घातलाय. ती नुसती बोटांनी काहीतरी ओढतेय कमरेपाशी, आणि तिथे काहीच..." मागे कुणीतरी कण्हल्यासारखं झालं. "तुम्हाला सांगायचं नव्हतं अजून. ती म्हणाली, आई टेप घेऊन येईल. पण तिला... आम्हाला..."

"कळलं," काका म्हणाले. "फोन चालू ठेवा."

काकूंनी कात्री घेतली. पस्तीस वर्षांत त्या कात्रीने त्यांना दगा दिला नव्हता. नाडीच्या खाली पातं जाईना. कापडात रुतली होती. करड्या कापडावर दोन्ही बाजूंना वळ उठले होते, माणसाच्या अंगावर उठतात तसे, कडेला लालसर. कात्रीचं टोक घातलं तर फोनमधून किंकाळी आली.

"काय झालं?" काका फोनमध्ये ओरडले.

"कळत नाही! टोचलं म्हणते काहीतरी!"

काकूंनी कात्री खाली ठेवली. त्या ठकूबाईसमोर गुडघ्यांवर बसल्या, जशा गिऱ्हाइकाच्या झग्याची खालची कड मापायला बसत, आणि बोटांनी नाडीची गाठ चाचपली. शिंप्याची गाठ सुटत नाही असं म्हणतात, कारण सोडवायचा कुणी प्रयत्न करत नाही. काकूंनी नख घातलं. तुटलं. दुसरं घातलं.

"टाचणे," त्या हळूच म्हणाल्या, "येऊ का गं?"

अडीच वर्षांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. खोलीत काहीच झालं नाही. फोनमध्ये जावई म्हणत होता, "हो म्हणाली. कुणाला म्हणाली काय माहीत. डोळे मिटलेत आणि हो म्हणाली."

गाठ बोटाखाली जराशी सैलावली. दात लावले, ओढली, सुटली. छातीचा वेढाही सुटला. पण फाका मिटलेल्याच. फिरकी फिरेना. काकूंनी दोन्ही हातांनी धरली; काकांनी फोन शिवणयंत्रावर ठेवला आणि पाणीखात्याची जुनी पक्कड आणली, जिने त्यांनी गंजलेले कितीतरी नळ सोडवले होते.

"जोर लावू नका," काकू म्हणाल्या. "तिला लागेल."

"मी नळ सोडवतोय, फोडत नाही. तू हात धर तिचे."

"तिला हात नाहीत."

"मग खांदे धर!"

काकूंनी खांदे धरले. पक्कड अर्धा वेढा फिरली, आत काहीतरी कट्कन तुटलं, आणि ठकूबाईच्या चारही फाका एकदम उघडल्या. आणि खोलीतली हवा आत ओढली गेली. लांब, खोल, थांबत थांबत. खिडकीचा पडदा ठकूबाईच्या दिशेने सरकला, मापांच्या वहीची पानं उलटली, काकूंच्या कपाळावरचे केस पुढे आले. बिनडोक्याच्या त्या अंगाने पोटभर श्वास घेतला आणि मग सोडला, आणि त्याला दवाखान्याचा वास होता.

"बाबा," फोन म्हणाला. "घेतला. श्वास घेतला. रडतेय. रडतेय, पण श्वास घेतेय."

काकूंनी चिठ्ठी काढली. ठकूबाईची छाती तरीही हळूहळू वरखाली होत राहिली, आणि चार वाजता, काकांनी नोंदवल्याप्रमाणे, थांबली.

* * *

फिरकीचे दात मोडले होते. आता ती बोटाने फिरवली तरी नुसती गरगर फिरे. काकूंनी पुतळा दुरुस्तीला दिला नाही, आणि त्याच्यावर हातही ठेवला नाही. विमा कचेरीतल्या बाईला त्यांनी सांगितलं की अस्तर संपलं, कापड सोडू नका. ती डॉक्टरकडे जात होतीच. गुरुबाईंचं प्रमाणपत्र शिवणयंत्राखाली गेलं, तेल ठिबकतं तिथे.

चिठ्ठी काढलेली होती, तरी चकती चढतच राहिली. काका सकाळी वाचत. पावणेपस्तीस. सव्वाछत्तीस. अडतीस. काकू स्वयंपाकघरातून ऐकत. रविवारी काका जिन्यात फोन घेत, आणि काकू न्हाणीघरात जात नसत. "मी विचारलेलं नाही अजून," म्हणत. "तिने सांगितलेलं नाही." हे त्यांना जड जाई, एकदा तर त्या न्हाणीघराच्या कडीला हात घालून उभ्या होत्या, आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसल्या.

चकतीवरचे आकडे चाळीसला संपतात. सुई चाळीसच्या पुढे गेली तेव्हा काकांनी वहीत लिहिलं, 'आकडा नाही', आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

मग एका सकाळी ते वाचता वाचता थांबले.

"अगं, उतरली. पस्तीस."

दोघंही ठकूबाईसमोर खुर्च्या टाकून बसली. फोन मधे ठेवला. काकांनी दोनदा हात पुढे केला.

"नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना करू दे."

अकरा वाजता फोन वाजला. काकांनी उचलला, ऐकलं, आणि काकूंच्या हातात दिला.

"आई?"

"बोल."

"मुलगी झाली."

"हो का!" काकू म्हणाल्या, इतक्या आश्चर्याने की काकांनी मान वळवली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. धडधड अजून होते मधे मधे. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाईल." मग तिने विचारलं, "आई, त्या दिवशी तू काही करत होतीस का?"

"करत होते. न विचारता. जुन्या मापाने."

काकूंनी काही भर घातली नाही.

"तिला एक झबलं शिवशील?" टाचणी म्हणाली.

काकूंचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. "माप?"

"माप नाही देणार. सैल शिव."

काकूंनी पेन्सिल ठेवली. तेवढ्यात काकांनी त्यांच्या दंडाला बोट लावलं आणि खिडकीकडे खूण केली.

खिडकीतल्या खुर्चीवर ती पाळण्यातली उशी होती, पाचव्या पाठापासून तिथेच पडलेली. तिच्या मधोमध मुठीएवढा खळगा पडला होता, कुणीतरी डोकं टेकल्यासारखा. आणि गोळा झालेल्या कापसाची ती उशी अगदी बारीक, भराभर, वर होत होती आणि खाली होत होती.

काका वही घेऊन जवळ गेले. वाकून या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"हिला आकडेच नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "लिहू काय?"

"काही लिहू नका," काकू म्हणाल्या. "आणि हात लावू नका. झोपलीय ती."